बारवीचें पाणी आणि तालुक्यांच्या सीमा

आपला तालुका कोणता, असें एखाद्या शेतकऱ्यास विचारिलें तर तो तात्काळ उत्तर देतो. परंतु त्याच जमिनीचा तालुका त्याच्या आजोबांच्या वेळीं कोणता होता, हा प्रश्न केला कीं तो क्षणभर थांबतो. जमीन तीच, बांध तोच, नदीही तीच. बदललें तें कचेरीचें नांव. हा बदल कसा घडतो हें समजण्यास ठाणें जिल्ह्यांतील बारवी धरणाच्या परिसरासारखें दुसरें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

प्रथम भूगोल पाहूं. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ व बदलापूर यांवरून कल्याणकडे जाते. मुरबाडच्या अंगानें येणारी बारवी तिला बदलापुराच्या खालीं मिळते. पुढें काळू व भातसा यांचें पाणी घेऊन ती वसईच्या खाडीस जाते. हें सर्व खोरें मुख्यतः भाताचें. निसर्गानें तें एकच केलें आहे. त्याचे भाग पाडले ते राज्यकर्त्यांनीं.

येथील वस्ती फार जुनी आहे. अंबरनाथचें शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळचें असून त्यावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष आहे. कल्याण प्रांत १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं घेतला. १८१७ मध्यें पेशव्यांकडून तो इंग्रजांकडे गेला व उत्तर कोंकण जिल्ह्यांत सामील झाला. त्याच जिल्ह्यास १८३३ पासून ठाणें हें नांव पडलें. १८६९ मध्यें कुलाबा जिल्हा निराळा झाला. कर्जत तालुका त्यानंतरही कांहीं काळ ठाण्याकडेच होता, मग तोही कुलाब्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, गेला. अशा रीतीनें एकाच उल्हास नदीचा वरचा भाग एका जिल्ह्यांत व खालचा दुसऱ्यांत राहिला. बदलापूर व अंबरनाथ हीं त्या वेळीं कल्याण तालुक्यांतील गांवें होतीं.

आगगाडी १८५४ मध्यें कल्याणास व १८५६ मध्यें बदलापुरावरून खोपोलीस पोंचली, आणि वस्ती रुळांच्या कडेनें वाढूं लागली. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी पडली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस तेथेंच आसरा मिळाला व १९४९ मध्यें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. नदीचें नांव नगरास मिळालें, आणि पुढें त्या नगराचें नांव तालुक्यास. त्यानंतर अंबरनाथ तालुकाही स्वतंत्र झाला.

नगरांचीही अशीच जोडतोड झाली. १९८३ मध्यें कल्याण महानगरपालिका स्थापन होतांना अंबरनाथ व बदलापूर तिच्यांत घातलीं. १९९२ मध्यें तीं पुन्हां वेगळीं काढलीं. हंगेरी देशांत बुडा, ओबुडा व पेस्ट हीं तीन नगरें १८७३ मध्यें एक होऊन बुडापेस्ट झालें, आणि तें एकच राहिलें. आपल्याकडे नऊच वर्षांत सांधा उसवला. २०१४ मध्यें पालघर जिल्हा निघाल्यावर ठाणें जिल्ह्यांत सातच तालुके उरले.

आतां धरणाकडे वळूं. १९६२ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें हें धरण कारखान्यांच्या पाण्यासाठीं बांधिलें; पुढें त्याची उंची वाढविली. भिंत अंबरनाथ तालुक्यांत. परंतु पाण्याचा फुगवटा मुरबाड तालुक्यांतील तोंडली, काचकोली, मोहघर या गांवांकडे पसरतो. पाणी नदींत सोडून खालीं उचलतात, आणि तें उल्हासनगर, अंबरनाथ यांच्याच नव्हे, तर त्यांहूनही दूरच्या शहरांच्या नळांस जातें. ज्याची जमीन बुडते तो एका तालुक्यांत, पाणी अडविणारी भिंत दुसऱ्यांत, आणि पाणी पिणारा तिसऱ्यांत ! आपल्या मागणीची दाद कोणत्या दारीं मागावी, हा प्रश्न मग शेतकऱ्यासच सोडवावा लागतो.

यासाठीं सीमांचा इतिहास हा केवळ विद्वानांचा विषय नव्हे. जुना फेरफार किंवा संपादनाचा निवाडा शोधतांना तो ज्या तालुक्याच्या दप्तरीं लिहिला गेला त्याचें नांव ठाऊक असावें लागतें. म्हणून प्रत्येक खातेदारानें सात-बाराच्या उताऱ्याबरोबर आपल्या गांवाचे पूर्वीचे तालुके व जिल्हे, आणि ते बदलल्याचीं वर्षें, एका कागदावर टिपून ठेवावीं. घरांतील वृद्धांस विचारून हें काम एका संध्याकाळीं होण्यासारखें आहे. नदी आपली वाट सहसा सोडीत नाहीं. कचेऱ्या मात्र जागा बदलतात. ज्याच्या पेटींत हा कागद असेल, त्याला निदान कोणतें दार ठोठवावें हें तरी कळेल.