शेजारी गप्प बसतो, फोन बसत नाही

मागच्या आठवड्यात दंडाच्या कलमांचा हिशेब देतो म्हणालो होतो. तो पुढे ढकलतोय, कारण बार्शीहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते खिशात ठेवून मला दुसरं काही सुचेना. ते लिहितात, "कानाला फोन न लावता, गाडीतल्या स्पीकरवर बोललं तरी धोका तितकाच, असं तुम्ही म्हणता. मान्य. पण आमची मंडळी बार्शीपासून पुण्यापर्यंत शेजारी बसून अखंड बोलतात. ते चालतं का? चालत नसेल तर तुम्हीच त्यांना तसं कळवा."

थट्टा बाजूला ठेवली तर प्रश्न अगदी नेमका आहे. बोलणं ते बोलणंच. मग फोनवरचं वाईट आणि शेजारचं बरं, हे कसं? टोरांटोच्या ६९९ चालकांचा अभ्यास सांगितला होता तेव्हाही ही शंका दोघातिघांनी काढली होती. फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट आणि हात मोकळे ठेवून काही फायदा नाही, हे १९९७चं अनुमान नियमित वाचकांना आठवत असेल. आज शेजारच्या माणसाबद्दल.

ड्रायव्हिंग स्कूल चालवत होतो तेव्हा मला एक खोड होती. मुलाचा हात बसला, तीन आठवडे झाले, की मोकळ्या सरळ रस्त्यावर मी मध्येच विचारायचो, "सतरा नवे किती?" उत्तर तोंडातून यायच्या आधी पायातून यायचं. अॅक्सिलरेटरवरचा पाय नकळत वर उचलला जायचा. नजर बॉनेटच्या पुढे कुठेतरी एका जागी खिळायची आणि आरसे तेवढा वेळ गाडीला नसल्यासारखेच. "एकशे त्रेपन्न" म्हटलं की मग मान हलायची. एका मुलाने उत्तर अचूक दिलं आणि त्याच झटक्यात गतिरोधकावरून गाडी तिसऱ्या गिअरमध्येच उडवली. माझं डोकं टपाला लागलं. तो मला विचारतो, "सर, गतिरोधक कुठे होता?" त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, डोळे उघडे होते, समोरच होते.

पुढे वाचनात आलं की ही खोड माझ्या आधी केंब्रिजच्या मंडळींनी काढली होती, तीही १९६९ साली. हातात धरायच्या मोबाईलवरून पहिला फोन लागायला तेव्हा अजून चार वर्षं होती. ब्राऊन, टिकनर आणि सिमंड्स या तिघांनी २४ चालकांना गाडीत बसवलं आणि वाटेत कमी-जास्त रुंदीच्या फटी ठेवल्या. काही फटी गाडीपेक्षा अरुंद होत्या. गाडी जाईल असं वाटलं तर घालायची, नाहीतर बाजूने न्यायची. त्याच वेळी कानावर वाक्यं पडायची आणि ती खरी की खोटी ते सांगायचं. हात मोकळेच. स्टिअरिंगच्या सफाईत फारसा फरक पडला नाही, वेग थोडा उतरला, पण फटीचा अंदाज चुकायला लागला. जिथून गाडी जाणं शक्यच नाही, तिथून जाईल असं वाटायला लागलं. म्हणजे बोलता बोलता हात गाडी चालवतात, पण निर्णय करणारा दुसऱ्या खोलीत गेलेला असतो.

आता बार्शीकरांच्या मंडळींकडे येतो. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोरची खोटी गाडी. चालकाला सांगितलं, पुढे काही मैलांवर विश्रांतीचा थांबा येईल, तिथे बाहेर पड. काहींचा मित्र शेजारी बसून गप्पा मारत होता, काहींचा मित्र फोनवर होता. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी थांबा मागे टाकला. मित्र शेजारी होता त्यातला आठात एखादाच चुकला. या गप्पांची टिपणं काढली तेव्हा दिसलं की शेजारी बसलेला मित्र मध्येच रस्त्याबद्दल बोलतो, आणि गर्दी वाढली की दोघांचंही बोलणं सोपं होतं.

याचा पुरावा मला खंबाटकीला मिळाला. नवे बोगदे व्हायच्या आधीची गोष्ट. साताऱ्याहून पुण्याला येत होतो, गाडी भाच्याची, चालवतही तोच. मी त्याला जमिनीच्या वाटणीची जुनी कथा सांगत होतो. जुना बोगदा संपला की उतार लागतो आणि उतारावर ते बदनाम एस वळण. पुढे सळया लादलेला ट्रेलर. मी म्हणत होतो, "आणि मग तात्यांनी तलाठ्याला..." आणि गप्प झालो. वळण सरलं, ट्रेलर मागे पडला, तेव्हा म्हणालो, "...घरी जेवायला बोलावलं." मी थांबलो हे ना मला कळलं, ना त्याला.

कळलं ते शिरवळच्या पुढे. भाच्याला कचेरीतून फोन आला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस कुठल्याशा बिलाचे आकडे विचारत होता. दुभाजकाच्या फटीतून एक ट्रॅक्टर आडवा आला. मी श्वास रोखला, पण पलीकडचा म्हणतोय, "हॅलो? आवाज येतोय ना?" आणि भाचा त्याला म्हणतोय, "येतोय, येतोय, बोला." ब्रेक लागला, पण उशिरा. माझा उजवा पाय पायपुसण्यावर इतका जोरात दाबला गेला होता की गुडघा दुखला. शिकवायच्या गाडीत तिथे दुसरा ब्रेक असतो, भाच्याच्या गाडीत कुठून असणार? ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. "येतोय, येतोय, बोला" म्हणायला दोन सेकंद धरा.

पलीकडच्याचा यात काय दोष? त्याला ट्रॅक्टर दिसत नव्हता. शांतता पसरली तर त्याला वाटणार फोन कटला, आणि तो आणखी मोठ्याने बोलणार. शेजारच्या माणसाची दोन डोळ्यांची मदत होते, फोनवाल्याचं नुसतं तोंड गाडीत येऊन बसतं.

आमच्या एसटीला हे फार आधी उमगलं होतं. "वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये" ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलोय. चालकाच्या मागे दांडी धरून उभा राहिलेला प्रवासी रस्ता कुठे बघत असतो? तो खरा फोनच. आणि कंडक्टर बघा. दिवसभराचं बोलणं एका दोरीवर. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. त्यात विचार करायला काही ठेवलेलंच नाही, म्हणून चालकाचं लक्ष रस्त्यावरून हलत नाही. त्याच एसटीच्या शिवनेरीत मार्च २०२५ मध्ये चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेट बघताना सापडला, तेव्हा मला त्या पाटीची फार आठवण झाली.

तेव्हा बार्शीकर, तुमच्या मंडळींना खुशाल बोलू द्या. दोनच अटी. त्यांना झोपू देऊ नका, आणि भांडण काढू नका. भांडणारा माणूस समोरचा रस्ता बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो, म्हणजे त्याचा फोन झाला. मागच्या सीटवर रडणाऱ्या पोराचंही तेच, त्यासाठी गाडी कडेला घ्यावी.

आणि बाकीच्यांना एक विनंती. कायदा चालकाच्या हातातला फोन बघतो, पण फोनला दोन टोकं असतात, आणि निम्मा वेळ आपण दुसऱ्या टोकाला असतो. मुलाला, जावयाला, ड्रायव्हरला फोन लावला की "काय चाललंय" म्हणण्याआधी "गाडीवर आहेस का?" एवढं विचारा. तो म्हणेल, "हो, बोल ना." तरी बोलू नका. "पोचलास की कर" म्हणा आणि ठेवून द्या.

कलम १८४ पुढच्या आठवड्यात. या वेळी नक्की.