ॲझेलेइक ॲसिडचे मलम : मुखदूषिका व रोझेशिया

मुखदूषिकेचा रुग्ण हल्ली वैद्याकडे येतो तो बहुधा अर्धी वापरलेली एखादी ट्यूब बरोबर घेऊनच. ती कशाची आहे हे पाहिल्यावाचून लेप लिहून देऊ नये. अशा ट्यूबांपैकी ॲझेलेइक ॲसिडच्या मलमाची माहिती वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

हे द्रव्य गहू, जव, राय या धान्यांत अल्प प्रमाणात आढळते. त्वचेवर वास करणारे मॅलॅसेझिया हे यीस्टही ते तयार करते. मलमातील द्रव्य मात्र कारखान्यात बनते. म्हणून ‘धान्यातले आहे, कसेही लावा’ असा सल्ला काउंटरवरून देणे योग्य नव्हे. रोमकूपाच्या मुखाशी साचणारे केराटिन ते कमी करते, पिडकांतील जिवाणूंची वाढ रोखते व शोथ उतरवते. टायरोसिनेज या विकराला त्याचा अवरोध होत असल्याने पिडका गेल्यावर उरणारे काळे डागही फिके पडतात. आपल्याकडील सावळ्या वर्णाच्या रुग्णांना हे डागच अधिक सतावतात. अमेरिकेत २० टक्क्यांचे मलम १९९५ साली मुखदूषिकेसाठी व १५ टक्क्यांचे जेल २००२ साली रोझेशियासाठी मान्य झाले.

दोन्ही विकारांत एकच द्रव्य चालते. पण म्हणून निदानात हयगय करून चालणार नाही. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेली, शाल्मलीच्या काट्यासारखी पिडका ही तरुणांची. तिच्यात काळी-पांढरी टोके दिसतात. रोझेशियात ती नसतात. रुग्ण सहसा तिशी ओलांडलेला; ऊन, चुलीची धग, तिखट वा मद्य यांनी गाल-नाक तापते, झोंबते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून दाहाची विचारपूस आवर्जून करावी. डोळे चुरचुरत असल्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. ॲझेलेइक ॲसिडने रोझेशियातील पिडका व त्यांभोवतालची लाली उतरते. विस्फारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र तशाच राहतात.

खरा धोका निराळाच आहे. हे मलम सावकाश काम करते. मुखदूषिकेत फरक दिसू लागण्यास सुमारे चार आठवडे जातात. आरंभी आग व खाजही होते. रुग्ण कंटाळतो आणि दुकानात जाऊन ‘लवकर गुण देणारे’ मागतो. त्याच्या हाती पडते स्टिरॉइडमिश्रित गोरेपणाचे मलम. आठवडाभरात चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, बंद करताच पिडका व लाली दुप्पट जोराने उसळतात, आणि नसलेला रोझेशियासदृश विकार जडतो. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची ‘एच’खाली आणली, ती याच गैरवापरामुळे. चिठ्ठीवाचून ती न देणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे.

ॲझेलेइक ॲसिड चालू असताना वचा, सर्षप यांसारख्या तीक्ष्ण द्रव्यांचे लेप थांबवावेत. नाहीतर दाह कशाचा हे कळत नाही व दोष मलमावर जातो. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर पातळ थर दिवसातून दोनदा लावावा. आग सोसत नसेल तर काही दिवस एकदाच. डोळे व ओठ टाळावेत. रक्तात ते अत्यल्प शोषले जात असल्याने गर्भिणीसही तज्ज्ञांच्या सल्ल्याने देता येते. वापरादरम्यान त्वचेवर पांढुरके ठिपके दिसल्यास मलम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.