रोगाची नोंद आणि तिचा आकडा



रुग्णालयातून घरी निघताना आपल्या हाती जे डिस्चार्ज कार्ड पडते, ते आपण कसे वाचतो? औषधे कोणती, ती केव्हा घ्यावयाची आणि पुन्हा दाखवावयास कधी यावयाचे, एवढे पाहतो आणि कागद पिशवीत ठेवतो. विम्याच्या कागदांवर कधी कधी रोगाच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर आणि दोन-तीन आकडे असतात. ते आपण वाचत नाही. ते आपल्यासाठी नाहीतच, अशी आपली समजूत असते. आजचे माझे सांगणे त्या अक्षर-आकड्यांविषयी आहे. विषय रुक्ष आहे, हे प्रथमच कबूल करतो. परंतु तलाठ्याच्या दप्तरातील नोंदही रुक्षच असते, आणि ती चुकली म्हणजे घरातील दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, हे आपणांस ठाऊक आहे. रुग्णालयाच्या दप्तरातील नोंद चुकली तर काय होते आणि ती सुधारावी कशी, एवढेच आज पाहावयाचे आहे.

रोगाला आकडा हवाच कशाला? एकच रोग अनेक नावांनी ओळखला जातो आणि एकच नाव अनेक रोगांना दिले जाते, म्हणून. आपल्याकडे कॉलऱ्याला कोणी पटकी म्हणत, कोणी जरीमरी. आणि 'ताप' या दोन अक्षरांत तर हिवतापापासून विषमज्वरापर्यंत सारे मावत असे. इंग्लंडातही याहून निराळी अवस्था नव्हती. १८३७ साली तेथे जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि त्या कचेरीत विल्यम फार हा डॉक्टर आकडेवारीचे काम पाहू लागला. नावांच्या या गोंधळाबद्दल त्याने आरंभीच तक्रार केली. भौतिक शास्त्रांत वजनामापांना जे स्थान, तेच या कामात नावांच्या निश्चितीला, असे त्याचे म्हणणे होते. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे, सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यावर नोंदी ठेवाव्यात, अशी योजना मांडली. १८९३ साली झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने केलेली मृत्युकारणांची यादी शिकागो येथे मान्य झाली. १९४८ साली ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि सहाव्या आवृत्तीपासून तिच्यात मृत्युकारणांच्या जोडीला आजारांचीही गणना होऊ लागली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, तरी पुष्कळ देशांतील रोजचे काम अद्याप दहावीवरच चालते.

या दहाव्या आवृत्तीत चौदा हजारांवर क्रमांक आहेत. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाला 'ई ११', हृदयाचे कार्य मंदावण्याच्या विकाराला 'आय ५०', मांडीच्या हाडाची मान मोडली तर 'एस ७२.०', अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेने आपल्यापुरता तिचा विस्तार सत्तर हजारांच्या घरात नेला. कासवाचा मार लागलेल्या माणसासाठीसुद्धा त्यात स्वतंत्र क्रमांक आहे! आपण हसतो, आणि हसावे. पण यादी लांब आहे ही खरी अडचण नव्हे. खरी अडचण कागदावरील शब्दांतून योग्य क्रमांकापर्यंत पोहोचण्याची आहे. या कामालाच क्लिनिकल कोडिंग म्हणतात.

हे काम इंग्लंडात फार पद्धतशीर चालते, म्हणून तेथील रीत पाहू. तेथे सरकारी आरोग्यसेवेच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कोडर नावाचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग असतो. रोगी घरी गेल्यावर त्याचे कागद या मंडळींकडे येतात. ते डॉक्टरांच्या नोंदी वाचतात, रोगांना एका यादीतील आणि शस्त्रक्रियांना दुसऱ्या यादीतील क्रमांक लावतात. ही मंडळी डॉक्टर नसतात. परंतु शरीररचना, रोगांची परिभाषा आणि कोडिंगचे नियम यांचा अभ्यास करून त्यांना परीक्षा द्यावी लागते. त्यांच्यावर एक कडक बंधन असते. डॉक्टरने जे लिहिले, त्याचाच क्रमांक लावावयाचा. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन सात दिसत असले, तरी डॉक्टरने 'पंडुरोग' असे लिहिले नसेल तर कोडरने तो आपल्या मनाने लावावयाचा नाही. निदान करणे हा त्याचा अधिकार नव्हे.

एक उदाहरण घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. त्यांना जुना मधुमेह आहे. शस्त्रक्रिया नीट झाली; पण चौथ्या दिवशी न्यूमोनिया झाला, मूत्रपिंडाचे काम मंदावले, आणि तीन आठवड्यांनी आजी घरी गेल्या. घाईत असलेल्या तरुण डॉक्टरने शेवटच्या कागदावर लिहिले : 'हाड मोडले, शस्त्रक्रिया केली, प्रकृती ठीक.' यात एकही शब्द खोटा नाही. परंतु या ओळीवरून दप्तरात एकच रोग उरतो. मधुमेह गेला, न्यूमोनिया गेला, मूत्रपिंडाचा विकार गेला. उद्या कोणी विचारले की या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर किती वृद्धांना न्यूमोनिया होतो, तर दप्तर उत्तर देईल की फारसा कोणालाच नाही. कोणी विचारले की साध्या मोडलेल्या हाडाला तीन आठवडे का लागले, तर दप्तर मुकाट्याने बसेल.

असा दोष क्वचित घडतो असे समजू नये. ब्रिटनमध्ये अचूकता तपासणाऱ्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्र आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहण्यांतील मधोमधचा आकडा ८३ टक्के होता. म्हणजे शंभरांत सतरा नोंदी कोठे ना कोठे चुकीच्या. या शतकाच्या आरंभी रुग्णालयांना मिळणारा पैसा या क्रमांकांशी जोडला गेल्यावर मुख्य निदानाची अचूकता बरीच वाढली, असेही त्या आढाव्यात दिसून आले. पैशाने लक्ष वेधले, हे खरे. मात्र पैशाबरोबर मोहही येतो. रोग असेल त्याहून अवघड दाखवला तर रक्कम वाढते. म्हणून कोडिंगची तपासणी करणारा माणूस रुग्णालयाच्या हिशेबाच्या दडपणापासून मोकळा असावा लागतो.

पण पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. ब्रिस्टल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर ज्या शस्त्रक्रिया होत, त्यांची सार्वजनिक चौकशी इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि २००१ साली अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. चौकशीसाठी ज्या आकड्यांचा उपयोग झाला, त्यांत कोडरांनी लावलेले हेच रोजचे क्रमांक होते. ते दप्तरात होते. परंतु ते या कामी येतील असे त्या वेळी कोणी मानले नाही.

दुसरी हकीकत याच्या उलट टोकाची आहे. मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयाचा मृत्यूंचा तुलनात्मक आकडा २००७ साली प्रसिद्ध झाला. देशाची सरासरी १००, तर येथे १२७. चालकांनी प्रथम काय केले? आपले कोडिंग सदोष असावे असे मानून ते त्याच्या मागे लागले. कोडिंगमध्ये उणिवा होत्याही. परंतु वॉर्डांत रोग्यांची आबाळ होत होती, आणि त्यांचे नातेवाईक ती उघड सांगत होते. २००९ साली आरोग्य आयोगाचा अहवाल आला. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केलेल्या चौकशांचे अहवाल २०१० आणि २०१३ साली आले, तेव्हा ती आबाळ देशापुढे आली. या हकीकतीचे तात्पर्य माझ्या मते असे : ज्या दप्तरावर कोणाचा विश्वास नाही, ते धोक्याची सूचना देते तेव्हाही कोणी ऐकत नाही. वाईट कोडिंगमुळे हिशेब बिघडतो, आणि शिवाय वाईट शुश्रूषेला सबबही मिळते.

मग हे काम यंत्राकडे का सोपवू नये? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. काही काम यंत्राने केव्हाच उचलले आहे. अमेरिकेच्या आरोग्यसांख्यिकी कचेरीत १९६८ पासून मृत्यूचे मूळ कारण निवडण्यास संगणक वापरतात. प्रमाणपत्रावरील प्रत्येक रोगाला क्रमांक माणूस लावी; त्या क्रमांकांतून मूळ कारण कोणते हे ठरविण्याचे गुंतागुंतीचे नियम यंत्र चालवी. ही वाटणी शहाणपणाची होती. नियम पाळण्यात यंत्र थकत नाही आणि कंटाळत नाही. न्यूमोनियाचा क्रमांक पुरुषाला आणि बाळंतपणाचाही पुरुषालाच लागला, तर पहिला सोडून दुसरा ते तत्काळ पकडते.

आता यंत्रे शब्दही वाचू लागली आहेत. केसपेपर संगणकावर असेल तर ती सारा मजकूर चाळून कोडरपुढे क्रमांकांची सूचना ठेवतात आणि ती कोणत्या ओळीवरून केली हेही दाखवितात. डोळ्यांची शस्त्रक्रिया, डायलिसिस अशा ठरावीक कामांत त्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु केसपेपरची भाषा फसवी असते. 'मधुमेह नाही' यातही मधुमेह हा शब्द आहे. 'वडिलांना हृदयविकार' यात विकार आहे, पण तो रोग्याचा नव्हे. 'एम. एस.' म्हणजे हृदयाची झडप अरुंद होण्याचा विकार, की मज्जातंतूंचा? हृदयाच्या वॉर्डात एक अर्थ, मेंदूच्या वॉर्डात दुसरा. २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत संभाषण करणाऱ्या नव्या भाषायंत्रांना रोगांची अधिकृत वर्णने देऊन क्रमांक विचारले. एकाही यंत्राची तंतोतंत बरोबर उत्तरे निम्म्यावर गेली नाहीत, आणि काही क्रमांक तर त्यांनी मनानेच रचले. यादी हाताशी देऊन शोधावयास लावलेली यंत्रे याहून बरी चालतात. परंतु आपल्या आजींचा न्यूमोनिया जर कागदावर लिहिलाच नसेल, तर कितीही हुशार यंत्राने तो आणावा कोठून? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून सुधारणेची सुरुवात आडापासून करावी लागते. तिला मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते. रोग्याच्या सर्व विकारांची एक यादी केसपेपरच्या पहिल्या पानावर ठेवावी आणि रोजच्या फेरीत ती पुरी करावी. वॉर्डात उद्भवलेला विकार निराळा दाखवावा. खात्री आणि शंका यांसाठी नेमके शब्द वापरावेत. नुसते प्रश्नचिन्ह हे निदान नव्हे. दोन अर्थ होणारी संक्षिप्त रूपे बंद करावीत. डिस्चार्जचा कागद रोग्याला ओळखणाऱ्या डॉक्टरने लिहावा. कोडरला शंका आली तर ती विचारण्याचा सरळ मार्ग असावा आणि डॉक्टरने तिचे उत्तर लेखी द्यावे. मात्र प्रश्नातच उत्तर सुचवू नये. 'हिमोग्लोबिन सात आहे, याचा अर्थ काय धरावा?' असे विचारावे. 'पंडुरोग लिहू ना?' असे नव्हे. काही नोंदी दरमहा पुन्हा तपासाव्यात आणि सापडलेल्या चुका डॉक्टर व कोडर यांनी एकत्र बसून पाहाव्यात.

यंत्राचे स्थान या शिस्तीत आहे. साध्या नोंदी त्याने उरकाव्यात, विसंगती दाखवाव्यात, आणि त्यातून वाचलेला कोडरचा वेळ अवघड केसपेपरांना व डॉक्टरांशी बोलण्याला मिळावा. यंत्र आले म्हणून कोडर कमी केले, तर चुका थांबणार नाहीत. त्या नुसत्या लवकर होऊ लागतील.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे रुग्णालयात मृत्यू झाला म्हणजे डॉक्टर 'फॉर्म नंबर चार' भरतात. मृत्यू कोणत्या रीतीने आला ते लिहू नये, कोणत्या रोगाने आला ते लिहावे, असे त्या फॉर्मवरच छापलेले असते. तरीही 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' एवढेच लिहिलेले आपण अनेकदा पाहतो. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते! २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू केवळ २२.५ टक्के होते. साप कोठे चावतो, क्षय कोठे वाढतो, बाळंतिणी कशाने दगावतात, हे सरकारने ठरवावयाचे ते असल्या कागदांवरून. २०२३ साली जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा दुरुस्त झाला. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र रुग्णालयाने निबंधकाला द्यावे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी, असे आता त्यात आहे. तो कागद आपल्या हाती येईल तेव्हा आपण वाचला पाहिजे.

तसेच डिस्चार्ज कार्डाचे. घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात : मुख्य रोग कोणता ठरला? सोबतचे जुने विकार लिहिले आहेत का? येथे राहत असताना नवीन काय उद्भवले? आणि जे लिहिले आहे ते नक्की आहे, की संशय आहे? चांगला डॉक्टर यावर रागावणार नाही. त्या चार उत्तरांचा उपयोग पुढच्या डॉक्टरला होईल, आपल्याला होईल, आणि ज्यांना आपण कधी पाहणार नाही अशा पुढच्या रोग्यांनाही होईल.