फोल्डरचे वजन

भिवापूरच्या बाजारात मिरचीचे पोते काट्यावर चढले, की निव्वळ मालाचे वजन निराळे आणि बारदानासकटचे निराळे, हा भेद ज्यास ठाऊक आहे, त्यास विंडोजमधील ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ या दोन आकड्यांतील तफावत सहज उमजावी. फोल्डरच्या दप्तरी स्वतःच्या एकूण आकाराची नोंद नसते. प्रोग्रामास प्रत्येक उपफोल्डरात उतरून, फाइलगणिक बाइटांची बेरीज करावी लागते, आणि म्हणूनच तो आकडा, एखाद्या सुस्त कारकुनाच्या तेरजेप्रमाणे, सावकाश वाढताना दिसतो. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीत जागा बहुधा ४०९६ बाइटांच्या खणांनी दिली जाते, सबब ५००० बाइटांची फाइल ८१९२ बाइट अडवते. लिनक्सवरील ‘डीयू’ ही आज्ञा मुळात हीच अडवलेली जागा सांगते. डिस्क भरल्याची तक्रार असेल, तर ‘साइझ ऑन डिस्क’ हा दुसरा आकडा पाहावा.