‘खूप शिकायला मिळालं’ याच्या पुढे काय? मिशन ट्रिपच्या एका दिवसावरून मुलाखतीचा धडा

माझं पीएच.डी.चं काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांवर आहे. गेल्या वर्षी चाचणी म्हणून मी अकरा मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, रात्री जागून टाइप केल्या आणि गाईडसमोर ठेवल्या. सरांनी चार पानं उलटली आणि विचारलं, “या मुलाखती आहेत की समारोपाची भाषणं?”

सरांचं बरोबर होतं. अकराच्या अकरा जणांनी तेच सांगितलं होतं. खूप शिकायला मिळालं, गावातली माणसं किती साधी, आपल्याकडे किती आहे ते कळलं. पाच वेगवेगळी गावं आणि उत्तर एकच! सर म्हणाले, “अमेरिकेतल्या चर्चची मुलं परदेशात सेवेला जातात, त्यावर बरंच संशोधन झालंय. ते वाच, तुझा घोटाळा कुठे झालाय ते कळेल.” वाचलं आणि कळलंही. तेच आज सांगते.

मिशन ट्रिप म्हणजे नेमकं काय?

मिशनरी म्हटलं की आपल्याला अहमदनगरला किंवा कोकणात येऊन राहिलेली, मराठी शिकलेली, इथल्याच मातीत पुरलेली माणसं आठवतात. ही मंडळी तशी नव्हेत. हे शाळा-कॉलेजातले विद्यार्थी, नोकरदार, निवृत्त लोक असतात आणि बहुतेक जण एक-दोन आठवड्यांसाठीच जातात. मेक्सिको, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक ही त्यांची नेहमीची ठिकाणं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख प्रौढ सदस्य वर्षाला अशा परदेशी फेरीवर जातात. खर्चासाठी ही माणसं नातेवाइकांना आणि चर्चमधल्या ओळखीच्यांना पत्रं लिहून मदत मागतात. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्यांचा एक दिवस बघा. सकाळी लवकर उठून प्रत्येकाचा ‘शांत वेळ’ असतो. त्यात बायबलवाचन, प्रार्थना, वहीत चार ओळी. मग नाश्ता करून, एकाच रंगाचे टी-शर्ट घालून सगळे गाडीत बसतात. कामाच्या जागी फावड्याने सिमेंट-वाळू कालवायची, ओळीत उभं राहून विटा हातोहात पुढे द्यायच्या, भिंती रंगवायच्या. काही जण वस्तीतल्या मुलांना जमवून गाणी, खेळ, चिकटकाम आणि बायबलमधल्या गोष्टी घेतात. भाषा येत नाही म्हणून सोबत दुभाषी असतो. दुपारी भात आणि घेवड्याची उसळ, प्यायला बाटलीतलं पाणी. संध्याकाळी आंघोळ, जेवण आणि मग गोल करून बैठक. तिथे प्रत्येकाने सांगायचं की आज देव कुठे भेटला, आज मनाला काय भिडलं. शेवटचा एखादा दिवस समुद्रकिनारा किंवा बाजार.

ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे प्रभातफेरी, श्रमदान, बौद्धिक आणि रात्रीची शेकोटी. श्रद्धेचा भाग वेगळा, पण दिवसाचा साचा पुष्कळसा तोच.

दिवसाची गोष्ट कुठे तयार होते?

ब्रायन हॉवेल हे अमेरिकेतल्या व्हीटन कॉलेजमधले मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. ते आपल्याच चर्चच्या मुलांबरोबर डॉमिनिकन रिपब्लिकला गेले. त्यांचं पुस्तक २०१२ साली आलं. त्यांना पडलेला प्रश्न माझाच होता: मुलं निरनिराळ्या देशांत जातात, निरनिराळी कामं करतात, मग परत येऊन सांगतात ते इतकं सारखं कसं?

म्हणून हॉवेल फक्त प्रवासात नाही, तर निघण्याआधीच्या तयारीच्या बैठकांतही बसले. उत्तराचा मोठा भाग तिथेच होता. मदतीच्या पत्रात, बैठकांत, आधीच्या वर्षी जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आधीच तयार असते: ही सहल नाही, सेवा आहे, आपण त्याग करतोय, तिथे देव आपल्याला बदलेल. मुलं ही चौकट बरोबर घेऊन जातात. दिवसभर शेकडो गोष्टी घडतात; रात्रीच्या बैठकीत त्यांतल्या चौकटीत बसणाऱ्या वर येतात, बाकीच्या मागे पडतात.

इथे एक काळजी घ्या. याचा अर्थ मुलं खोटं बोलतात असा नाही. ती मनापासूनच बोलत असतात. पण आपण ‘अनुभव कसा होता?’ असं विचारलं, की आपल्याला दिवस मिळत नाही. रात्रीच्या बैठकीत तयार झालेली गोष्ट मिळते. माझ्या अकरा मुलाखतींत नेमकं हेच झालं होतं.

सांगणं आणि नोंद

दुसरा अभ्यास कर्ट व्हर बीक यांचा. हे समाजशास्त्रज्ञ कित्येक वर्षं होंडुरासमध्येच राहिलेले. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने तिथे हजारो घरं गेली आणि उत्तर अमेरिकेतून गट घरं बांधायला आले. व्हर बीक यांनी दोन प्रकारच्या कुटुंबांची तुलना केली: पाहुण्यांनी बांधलेल्या घरांत राहणारी आणि स्थानिक संस्थेने बांधलेल्या घरांत राहणारी. कुटुंबांवर झालेल्या परिणामात त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. घर साधारण २,००० डॉलरचं आणि एका गटाचा खर्च ३०,००० डॉलरच्या घरात.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. जाऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की परतल्यावर आपलं दान वाढलं. व्हर बीक यांनी संस्थेकडच्या देणग्यांच्या नोंदी काढून बघितल्या, तर तेवढी वाढ दिसेना. एकच प्रश्न, दोन ठिकाणांहून उत्तर. सांगणं एक आणि नोंद दुसरी. यातलं एक खरं न् एक खोटं असं करू नका; दोघांमधलं अंतर हाच तुमचा शोध असतो.

मग विचारायचं कसं?

‘काय वाटलं?’ बाजूला ठेवा. ‘काल काय केलंत?’ असं विचारा. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे. माणसाने आदला दिवस एखाद्या चित्रपटासारखा प्रसंगाप्रसंगात तोडायचा आणि प्रत्येक प्रसंगात कुठे होतो, काय करत होतो, कुणाबरोबर होतो, कसं वाटत होतं हे लिहायचं. भावना विचारायची, पण त्या त्या प्रसंगाला बांधून.

मी यंदाच्या शिबिरात तिसऱ्या दिवशीच गेले आणि आदल्या दिवसाबद्दल विचारलं. प्रश्न अगदी साधे होते: किती वाजता उठलात? पाणी कुणी भरलं? दुपारी कुठे बसलात? गावातल्या कुणाकुणाशी बोललात, किती वेळ?

शेवटच्या प्रश्नावर एक मुलगी थांबली. म्हणाली, “ताई, सरपंचांचं भाषण ऐकलं. आणि भाकरी करणाऱ्या मावशी आहेत ना, त्यांना ‘अजून एक द्या’ म्हटलं.” मावशींचं नाव तिला माहीत नव्हतं. आदल्या वर्षी याच प्रश्नाची वेळ आली असती, तर ‘गावकऱ्यांशी जवळचं नातं जुळलं’ असं उत्तर माझ्या वहीत गेलं असतं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मावशींचं नाव मलाही माहीत नव्हतं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये विद्यार्थी होते, कार्यक्रम अधिकारी होते, सरपंच होते. पहाटे चारला उठून साठ माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बाईसाठी रकानाच नव्हता. व्हर बीक यांनी घरात राहणाऱ्यांना विचारलं, हे मी वाचून, अधोरेखित करून बसले होते, तरीही! नमुना निवडीचं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, समितीपुढे पुन्हा जावं लागलं, चार महिने गेले. गेले ते बरंच झालं.

तुमचा विषय कोणताही असो, प्रश्नावली छापायच्या आधी एवढं करून बघा. एका माणसाचा कालचा एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने लिहून काढा. त्यात जी जी माणसं येतील त्यांची यादी करा. मग ती यादी आपल्या नमुन्याशेजारी ठेवा आणि कोण राहिलं ते बघा.

मावशींची मुलाखत मी घेतली. दीड तास चालली. त्यांच्या दिवसात शिबिर फक्त दोनदा येतं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या पिठाच्या हिशोबात. त्याबद्दल पुढच्या लेखात.