सर्व्हर चालू, हात थेट कर्नलमध्ये!

सांगलीहून एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, मशीन बंद न करता कर्नलमधलं व्हेरिएबल बदलता येतं का?"

येतं की! 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बॉर्नने लिहिलेला एडीबी नावाचा डीबगर आला. पुढे सोलारिसमध्ये एमडीबी आला. कर्नलची मेमरी या युनिक्समध्ये एखाद्या फाइलसारखी उघडता यायची. तुम्ही रूट असाल तर डीबगर लिहिण्याच्या मोडमध्ये सुरू करायचा. मग व्हेरिएबलचं नाव, तिरकी रेघ, मोठा डब्ल्यू, नवा आकडा, एंटर. झालं! रीबूट नाही, काही नाही.

पण थांबा, इथेच लोक फसतात. सोलारिसवर साधा आकडा हेक्साडेसिमल धरला जातो. तुम्ही 100 लिहिलंत, तर आत गेले 256. आपला नेहमीचा शंभर हवा असेल, तर आधी शून्य आणि टी लावायचा. मोठा डब्ल्यू 4 बाइट लिहितो, मोठा झेड 8. चार बाइटच्या जागी झेड मारलात, तर शेजारचं व्हेरिएबलही पुसलं जाणार. आणि डीबगर विचारत नाही बरं का, "नक्की ना?"

याहून मोठा घोळ वेगळाच आहे. समजा, साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात 200 खुर्च्या मांडल्यात. बाहेरच्या पाटीवर 500 लिहिलं म्हणून खुर्च्या वाढतात का? कर्नलमधली काही टेबलं बूट होतानाच ठरावीक मापाने मांडली जातात. नंतर मर्यादेचा आकडा वाढवलात, तर 201 वा पाहुणा दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीत जाऊन बसतो. मग पॅनिक, आणि अख्खा सर्व्हर आडवा. याउलट, कर्नल दर वेळी नव्याने वाचतं ते व्हेरिएबल बदललं, तर परिणाम लगेच दिसतो. म्हणून आधी सोर्स कोड वाचायचा: हा आकडा कधी वाचला जातो?

लिनक्सवर आता हा रस्ता जवळपास बंदच आहे. रूटकिटवाले त्याच वाटेने घुसायचे. 'डेव्ह केमेम' ही कर्नल मेमरीची फाइल 2021 मध्ये 5.13 आवृत्तीत काढूनच टाकली. जीडीबीने चालू कर्नल बघता येतं, बदलता येत नाही. बदलायला सिसकंट्रोल आहे, पण त्यात कर्नलने स्वतःहून बाहेर ठेवलेलीच बटणं मिळतात. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचंच कर्नल आहे, पण रूट नसल्यामुळे तिथे हात बांधलेले.

करून बघायचंच असेल तर लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये लिनक्स चालवा आणि बाहेरून जीडीबी जोडा. तिथे पॅनिक झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. सांगलीत असाल, तर वालचंद कॉलेजात लिनक्स युजर्स ग्रुप आहे, तिथल्या मुलांना गाठा. आणि हो, बदलण्याआधी जुना आकडा कागदावर लिहून ठेवा.