डोक्यावरचं आकाश आणि कुलाब्याची वही

10 मे 2024 च्या रात्री सूर्याकडून आलेलं मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं आणि लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी भाचीने ते फोटो दाखवून हट्टच धरला, "मामा, चल ना गच्चीवर!"

अरेरा कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर तासभर उत्तरेकडे तोंड करून बसलो. दिसलं काहीच नाही, डास मात्र भरपूर चावले. "भोपाळमध्ये कधी काही होतच नाही," म्हणत ती उठली.

मी तिला परत बसवलं. सांचीला जाताना रस्त्यात कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथे आपण सगळेच फोटो काढतो. पाटी नसलेली एक जागा तर आपल्या डोक्यावरच आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे खूप उंचावरच्या हवेत इलेक्ट्रॉन सुटे होतात. या थराला आयनांबर म्हणतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना साचतात. उत्तरेकडची रास साधारण भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यात पडते. त्यातून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो आणि दाखवलेलं ठिकाण काही मीटर चुकतं. रिक्षावाल्याचं त्याने अडत नाही, पण उतरणाऱ्या विमानाचं अडतं. म्हणून 'गगन' यंत्रणा उभारताना देशात 18 ठिकाणी हे इलेक्ट्रॉन मोजले गेले, त्यांत भोपाळ होतं.

"पण एका गावाच्या आकड्याने काय होणार?" ती म्हणाली.

प्रश्न रास्त होता. मग मी तिला कुलाब्याची गोष्ट सांगितली.

1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लखलखाट दिसला. साधारण साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोचलं. युरोपात फोटोच्या कागदावर नोंद होत असे, तिथे रेघ कागदाबाहेरच गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होती, एरवी तासाला आणि गडबड वाढली की काही मिनिटांनी. ती वही पुढे जवळजवळ दीड शतक पडून होती म्हणा ना! 2003 मध्ये अमेरिका, ब्राझील आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला. कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. मे 2024 च्या वादळात जगाची सरासरी घसरण 400 च्या आसपास होती. 1989 मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली होती. तेव्हा 1859 सारखं पुन्हा झालं तर काय, याचा अंदाज बांधताना जगभरचे लोक कुलाब्याचा तो आकडा हाताशी घेतात. तो लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नसेल.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली. तिथल्या नोंदी आजही अनेक देशांच्या सामाईक जाळ्यात जातात. आणि आपलं आदित्य एल-1 उडालं तेही 2 सप्टेंबरलाच, 2023 च्या.

दिवाळीत अलिबागला जायचं ठरतंय. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे, असं मी सांगितलं, तर बाईसाहेबांचा प्रश्न तयार, "मग मला केसांच्या पिना काढून जावं लागेल?"